घरचं बोलणं

"बाई, तुमचा 'ण' ऐकून कुणाला वाटणारच नाही हो, तुम्ही त्यांच्यातल्या आहात."

नोकरीचा तिसरा दिवस. पेठेतली जुनी शाळा, शिक्षकांची खोली. बोलणाऱ्या बाई मला ज्येष्ठ, मराठीच्याच. हातात डबा, चेहऱ्यावर माया. आजूबाजूच्या चौघीजणी कौतुकानं हसल्या. आणि मी म्हटलं, "थँक्यू."

बारा वर्षं झाली. अजून त्या शब्दाची शरम वाटते.

आमच्या वस्तीत पाण्याला पानीच म्हणत. बाप पालिकेत झाडूवाला, आई चार घरची भांडी घासायची. मी कॉलेजात असताना रेडिओवरच्या बातम्यांमागून म्हणत म्हणत ण आणि ळ घोटले. लोक इंग्रजीचा क्लास लावतात. मी मराठीचाच लावला, तोही चोरून.

कात्रजला फ्लॅट घेतला तेव्हा शाळेतल्या बायका घर बघायला आल्या. आईला मी आधीच बजावलं, "तू बोलू नकोस. घसा बसलाय म्हणून सांगते." दोन तास ती खुर्चीत मुकी बसली. एकीनं तिला मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. आईनं मान डोलावली. मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

काल शनिवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, 'आमच्या घरातलं शहाणं माणूस'. परीक्षक तिघं. बाहेरून आलेले एक निवृत्त मुख्याध्यापक, त्याच ज्येष्ठ बाई आणि मी. वाघोलीहून दोन बस बदलून येणारी आठवीतली दीक्षा उभी राहिली. बाकीची मुलं पाठ केलेलं ओकत होती. ही नुसती बोलत होती.

"माझी आई बिगारी काम करती. शाळंत गेली न्हाई, पन भिंत वाकडी हाय का सरळ, ती नुसत्या डोळ्यानं सांगती."

सभागृहात खसखस पिकली. मी माईक ओढला. म्हणाले, "बाळा, घरचं बोलणं घरी ठेवून यायचं." आता सगळं सभागृह हसलं.

ती खाली बसली नाही. "बाई, पन आई असंच बोलती. मी तिचं बोलनं बदलून सांगितलं, तर ती माझी आई ऱ्हाईल का?"

माझे कान तापले. मी आवाज चढवला. "उलट बोलायचं नाही. खाली बस." उच्चारशुद्धीच्या रकान्यात मी तिला शून्य दिलं. त्या दोघांनीसुद्धा तीन-तीन गुण दिले होते.

निकाल लावायला आम्ही आतल्या खोलीत बसलो. माझं शून्य बघून सर खूश. "वा! तुम्ही शिकलात ना कष्ट करून? मग यांना काय धाड भरलीय?"

यांना. त्यात माझी आई होती. बाप होता. मी होते.

मी म्हटलं, "सर, माझं चुकलं. ती सगळ्यांत चांगली बोलली. हा उच्चारांचा रकाना आपण काढून टाकू या."

"मग शुद्धलेखनाच्या वह्याही रद्दीत घालू या का? आणि अहो, यात जात कशाला आणता? आम्ही ती मानतच नाही."

जातीचं नावही मी काढलं नव्हतं.

ज्येष्ठ बाईंचे डोळे भरून आले. "तुम्हाला इतकं आपलं मानलं हो आम्ही." सर चष्मा पुसू लागले. दोघांचे कान लाल झाले होते. मला त्यांची चीड यायला हवी होती. पण ते चेहरे माझ्या ओळखीचे होते. एका पोरीनं साधा प्रश्न विचारला, तेव्हा मी याहून वाईट वागले होते. निदान यांच्या हातात माईक नव्हता.

निकालपत्रावर मी सही केली नाही. दोन सह्यांवर निकाल लागला. दीक्षाचं नाव त्यात नव्हतं.

ती व्हरांड्यात दप्तर भरत होती. मी म्हटलं, "दीक्षा, माझं चुकलं गं."

तिनं मान वर केली नाही. "असू द्या, बाई. पुढच्या वेळी मी आईविषयी बोलणार नाही. दुसरं काहीतरी पाठ करून येईन."

एकही उच्चार चुकला नाही. जे शिकायला मला वर्षं लागली, ते मी तिला एका वाक्यात शिकवलं होतं.

अपमान केला भर सभागृहात आणि माफी मागितली रिकाम्या व्हरांड्यात. याला माफी म्हणत नाहीत. उद्या सोमवारी प्रार्थना संपली की मी माईक घेणार आहे. या पोरीला मी का गप्प केलं आणि माझी आई कोण, हे सगळ्या शाळेला सांगणार आहे. आईच्या बोलीत. ज्यांना हसू येईल त्यांनी हसावं. दीक्षा मला माफ करेलच असं नाही, आणि तिनं करावं म्हणून मी बोलणार नाही.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी मी मागितलेली नाही.