पवनचक्कीखालची कानफाटी

वारा वायव्येचा होता आणि रात्रभर दमला नव्हता. पोस्टाच्या मागच्या दाराशी त्याने बर्फाचा असा ढीग लावून ठेवला होता की वर्ला सेडलाचेकला आधी फावडं हातात घ्यावं लागलं, मग टपाल. आत येऊन तिने हातमोजे हीटरवर टाकले आणि टपाल वाटेच्या क्रमाने लावायला घेतलं. बियाण्यांचे कॅटलॉग, औषधांची पाकिटं, कुणाच्या तरी कोंबड्यांसाठी मागवलेला उबेचा दिवा. एकेका घराच्या गठ्ठ्याला रबर चढवलं, ट्रे पिकअपच्या सीटवर ढकलले आणि स्वतः उजवीकडे बसली.

टपालवाल्या बाईचं बसणंच न्यारं. स्टिअरिंगचं चाक डावीकडे, टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला. म्हणून ती सलग सीटवर उजवीकडे सरकून बसायची, डावा पाय लांबवून पेडल दाबायची आणि डाव्या हाताने चाक सांभाळायची. नवख्याने बघितलं तर वाटावं, गाडी भूतच चालवतंय. समोरून कुणीही येवो, ओळखीचा असो नसो, वाळूटेकड्यांतल्या रिवाजाप्रमाणे दोघांनी चाकावरून दोन बोटं उचलायची. इथे कुणी तेवढं चुकवलं, तर घरी काय बिनसलंय याची चर्चा चर्चपर्यंत जायची.

तिच्या मांडीशी, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला, कॅमेरा असायचा. आणि एक लोकरी मोजा, राजम्याने ठासून भरलेला. मोजा नवऱ्याचा, एमिलचा. एमिल गेला, मोजा राहिला. खिडकीच्या काचेवर तो ठेवायचा, त्यावर लांब भिंग टेकवायचं, म्हणजे हात हलत नाही.

जेवणाची सुट्टी ती मोडक्या पवनचक्कीपाशी घ्यायची. तिथे कानफाटी असायची. कोल्ह्याहून उंच, लांडग्याहून हडकुळी, वाळल्या गवताच्या रंगाची कोयोट मादी. डावा कान कशात तरी फाटलेला. पहिल्या वर्षी गाडीचा आवाज आला की टेकडीपलीकडे पसार व्हायची. वर्लाने घाई केली नाही. रोज तीच पांढरी पिकअप, तीच जागा. इंजिन बंद, काच खाली, भिंग बाहेर. पुढेपुढे इंजिन बंद झालं की कानफाटी उलट थांबायची, वळून बघायची आणि शेपूट पायांभोवती घेऊन बसायची. रस्त्याखालच्या मोरीत तिने पिल्लं घातली तेव्हाचे फोटो बँकेत लागले, कॅफेत लागले, दिराच्या स्वयंपाकघरातही लागले. वर्लाने तिला तुकडासुद्धा कधी टाकला नाही. जनावराला माणसाच्या हाताची सवय लावायची नाही, एवढं तिला कळत होतं.

दीर लाइल त्याच्या टपालपेटीपाशी ट्रॅक्टर लावून उभा होता.

"काय वहिनी, शनिवारी नाव दिलंस का?"

"कशात?"

"कोयोटांच्या शर्यतीत गं! सगळ्यात जास्त मारेल त्याला बारवाला अर्धा बैल कापून देणार आहे. तुला काय अवघड? तुझी ती कानफाटी गाडी थांबली की पाटावर जेवायला बसल्यासारखी बसते. खिडकीतून नळी बाहेर काढायची, झालं. तिला कुठं कळतंय, कॅमेरा का बंदूक!"

लाइल पोट धरून हसला. वर्लाच्या हातातला गठ्ठा हातातच राहिला. या मुलखात निम्म्या पिकअपा पांढऱ्या. बंदूकवाला पण इंजिन बंद करतो, काच खाली घेतो आणि नळीखाली उशी ठेवतो. एवढी वर्षं आपण तिला काय शिकवत होतो, ते तिला पेटीपाशी बसल्या बसल्या लख्ख दिसलं.

"लाइल, तिला सोड."

त्याचं हसू ओसरलं. "मार्चात माझी दोन वासरं गेली, वहिनी."

"तिनेच नेली कशावरून?"

"तिने नाही नेली कशावरून?"

वर्लाने हातातला गठ्ठा त्याला दिला. याच लाइलने एमिल गेल्यापासून तिच्या दारातला बर्फ न सांगता काढला होता.

"बरं," तो टोपीखाली डोकं खाजवत म्हणाला. "मी नाही मारणार. तुझी शपथ. पण बाहेरून गाड्याच्या गाड्या येतील, त्यांना काय सांगू? ही आमच्या वहिनीची म्हणून?"

"कुरणाचं फाटक लावून घे."

"पवनचक्कीचं रान माझं आहे का? मालक बसलाय डेन्व्हरात. त्याने सगळ्यांना मोकळीक दिलीय."

त्या दिवसापासून वर्लाने भिंग फडक्यात ठेवलं आणि घरून तवा आणला. पवनचक्कीपाशी गाडी थांबवायची, हॉर्न दाबून धरायचा, तवा बडवायचा आणि आजीच्या तोंडच्या चेक भाषेतल्या शिव्या घालायच्या. कानफाटी उठायची, चार ढांगा लांब जायची आणि पुन्हा बसून बघायची, बाईला आज काय झालंय! वर्लाने बर्फाचे गोळे मारले. ते ती हुकवायची, वर खेळायला मिळालं अशी उड्या मारायची. शेवटी वर्लाच्या हाताला डब्यातला कोलाचे लागला. सुक्या आलुबुखाराचं सारण भरलेला गोड पाव, गारठून दगड झालेला. तोच तिने भिरकावला. बरगडीवर बसला. कानफाटी केकाटली, पळाली. वर्लाला वाटलं, जमलं बाई. तेवढ्यात ती गोल फिरून मागे आली, कोलाचे हुंगला आणि दातांत धरला.

"अगं नको खाऊ, भवाने! नको खाऊ!"

तिने खाल्ला. जिभल्या चाटत गाडीकडे बघितलं. वर्लाने गाडीच्या दारावर कपाळ टेकलं.

टपाल शनिवारीही असतं. उतारावरूनच तिला पवनचक्कीपाशी पांढरी पिकअप दिसली. इंजिन बंद, काच खाली, नळी बाहेर. आत दोघे जण कोयोटाला भुलवायला सशाच्या किंकाळीची शिट्टी वाजवत होते. कानफाटी त्यांना दिसत नव्हती. वर्लाला दिसली. पाण्याच्या टाकीमागे, वाऱ्याच्या आडोशाला, गवतात अंग चेपून पडलेली. नुसता फाटका कान वर.

डोकं काही म्हणायच्या आत हात हॉर्नवर गेला. पळ, पळ गं.

कानफाटी उठली. अख्खी उभी राहिली. मान वळवून हॉर्नच्या दिशेने बघू लागली, आणि तिची सबंध कूस त्या पिकअपकडे होती.

वाऱ्यामुळे गोळीचा आवाज उशिरा आला. ती आधीच पडली होती.

रस्त्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. दोघे पोक्त बाप्ये, दाढीत बर्फाचे कण, बोलायला अगदी अदबशीर.

"बाई, उपकार झाले. तुम्ही हॉर्न दिलात म्हणून उठली. आम्ही तर निघालोच होतो."

वर्लाचं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं ते इतकं होतं, की निघालं तेवढंच, "पळाली का नाही हो ती?"

"पळते कुठली! तुमच्या गाडीकडे बघितलं आणि खाली बसायलाच लागली. असं जनावर कधी बघितलं नाही."

गाडी निघाली. चाकवाल्याने दोन बोटं उचलली. चाकावरच्या वर्लाच्या डाव्या हाताचीही दोन बोटं आपोआप वर झाली. त्या बोटांकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

लाइल पेटीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने गोळीचा आवाज ऐकला होता.

"मी घरीच होतो, वहिनी."

"माहितीये रे."

"तुझ्या दारातला बर्फ काढून आलोय."

"बरं केलंस."

तिने त्याचं टपाल त्याच्या हातात न देता पेटीतच ठेवलं. झाकण बर्फाने धरलं होतं. तिने मुठीने दोनदा ठोकलं, तेव्हा ते बसलं. मग डावा पाय लांबवून तिने पेडल दाबलं आणि पुढच्या घराच्या गठ्ठ्याचं रबर दातांनी ओढून काढलं.