फोनवरचा दुभाषी

“छातीत, गाठ, आहे, का?” दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट अशी ओरडत होती, की बाहेर उभ्या गाड्यांनी आपणहून काचा वर करून घेतल्या असतील. इंग्रजी पुरेसं मोठ्यानं बोललं की त्याचं आपोआप व्हिएतनामी होतं, अशी अमेरिकेत समजूत आहे. होआ मान खाली घालून उभी होती. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती नखं रंगवते. तिथेच एकदा तिनं माझं बोट धरून स्वतःच्या काखेजवळच्या गाठीवर टेकवलं होतं. तपासणीसाठी तिला इथवर आणायला मला सात जन्म लागले.

मग फोनवर दुभाषी आला. पुरुष. तोही स्पीकरवर, भरल्या वेटिंगरूममध्ये. होआनं प्रत्येक प्रश्नाला मान हलवत तेच उत्तर पुटपुटलं. “काही त्रास नाही म्हणतात,” तो म्हणाला. बाईनं तसंच लिहून पुढच्या वर्षीची तारीख दिली.

आम्ही तरी काय निराळ्या? माझ्या मावशीनं जन्मभर डॉक्टरांना “इथं जरा” एवढंच सांगितलं, आणि तेवढ्यातच ती गेली. हाडापर्यंत बघणारी यंत्रं आणता, मग एका बाईचा आवाज आणता येत नाही?

मी टेबलावर हात आपटला. “गाठ आहे तिला. मी हात लावून पाहिलीय.”

“पेशंट नाही म्हणालीय,” बाई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी होआवरच उखडले. “सांगितलं का नाहीस?”

“त्याचा आवाज माझ्या थोरल्या दिरासारखा होता,” ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली.