टाकीतलं पाणी पांढरं झालं तो रविवार

लोणावळ्यात घरी समुद्राचं पाणी सांभाळायचं, हा लोकांना वेडेपणा वाटतो. माझ्या सासऱ्यांना वाटला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते कार्ल्याहून आमच्याकडे राहायला आले आणि दिवसभर माझ्या काचेच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. आत थोडे मासे आणि प्रवाळ होतं, बटणाएवढ्या नारिंगी तोंडांचं, आणि मागे पिसांसारख्या पानांचं समुद्री शेवाळ. ते पाण्यातली घाण शोषून घेतं म्हणून मी मुद्दाम लावलेलं. आबा म्हणायचे, "हे लय माजलंय. जरा काढ." मी हसून सोडून द्यायचे. जन्मभर भाताच्या खाचरातलं तण काढलेला माणूस, त्याला सगळीकडे तणच दिसणार.

एका रविवारी सकाळी पाहते तर टाकीतलं पाणी ताकासारखं. मासे वर येऊन धापा टाकत होते. प्रवाळाची सगळी तोंडं मिटलेली. शेजारी आबा, कोपरापर्यंत बाही ओली.

"आबा, काय टाकलंत यात?" माझा आवाज चढला.

"म्या कायबी टाकलं न्हाई. ते पांढरं पडलेलं काढाय गेलतो."

"पण हात घालायचाच कशाला?"

ते ओली बाही पिळत आत गेले.

मी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं पहिलंच विचारलं, "शेवाळ पांढरं पडलंय का?" नीट पाहिलं. हिरव्या पानांची नुसती पोकळ सालपटं उरली होती.

"मग ते फुटलंय, ताई. फार वाढलं की कधीकधी एकदम विरघळतं आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. पांढरं झालेलं आधी बाहेर काढा. मग पाणी बदला, हवेचा पंप वाढवा."

म्हणजे आबा तेच करत होते.

आत गेले तर ते पिशवीत कपडे भरत होते. "आबा, चुकलं माझं. मी उगाच बोलले. चला ना बाहेर, मला एकटीला नाही जमायचं."

त्यांनी पिशवी बाजूला सारली. मग म्हणाले, "खुर्ची टाकीजवळ घे."

बदलायच्या पाण्यासाठी मी बादल्यांत समुद्री मीठ कालवत राहिले. ते एकेक सालपट चिमटीत धरून काढत होते, प्रवाळाला बोटही लागू न देता. दुपारपर्यंत मासे खाली उतरले. प्रवाळ मात्र संध्याकाळीही मिटलेलंच होतं. मी मनातून त्याच्यावर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघाले होते, पायात एकच चप्पल, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली. "पोरी, हितं ये. बग."

एक नारिंगी तोंड उघडलं होतं. बघता बघता दुसरं, मग कडेची तीन. मी तिथंच फरशीवर बसले आणि हसता हसता रडायला लागले.

"आता रडतीस कशापायी? जगलं की," आबा म्हणाले. त्यांचाही आवाज ओला होता.

ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं आणि आम्हा दोघांसाठी चहा टाकला.