नरक्या

घाटातलं नरक्याचं झाड मुळासकट उपटलेलं दिसलं. व्यापाऱ्याचा माणूस त्याचं लाकूड पोत्यात भरत होता. फुलांच्या घाणेरड्या वासामुळे या झाडाच्या वाटेला कोणी जात नसे. मग त्यात कर्करोगावर चालणारं अल्कलॉइड सापडलं. तेव्हापासून आम्ही ते वर्गात शिकवतो आणि हे लोक कुऱ्हाडी घेऊन येतात.

"बुंधा तरी ठेवायचा! पुन्हा फुटलं असतं," मी ओरडले.

"बाई, औषध तुमच्याच माणसांना लागतं ना?"

माझ्या बहिणीला तेच औषध चालू होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं, तरी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी खाली बसून एखादं रोप उरलंय का, ते शोधू लागले.

"सापडलं तर सांगा," तो हसत म्हणाला.

मला सापडलं. मी त्यावर पाचोळा ओढला आणि उठले.