राउलचं कोपर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी इथे सिंगापुरात बुकित बातोकच्या मार्केटात भेंडी कशी मिळाली तेही सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. नुसतं ऐका.

इथल्याच वन-नॉर्थ भागात आमचं छोटं ऑफिस. मेक्सिकोतल्या एका बेसबॉल टीमच्या मॅचचे व्हिडिओ यायचे. चेंडू सोडताना पिचरचा — म्हणजे आपल्याकडच्या बोलरचा — हात किती उंच असतो, ते मी मोजायची. हात खाली यायला लागला की समजायचं, कोपर दुखतंय. खेळाडू स्वतःहून कबूल करत नाहीत, म्हणून तर आम्हाला ठेवलेलं.

राउल त्यांच्यातलाच एक पिचर, चौतीस वर्षांचा, निम्मं आयुष्य टीमच्या बसमध्ये गेलेलं. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर यायचा, मला "डॉक्टर" म्हणायचा. मी कसली डोंबलाची डॉक्टर! पण बरं वाटायचं.

एका आठवड्यात त्याचा हात दोन बोटं खाली दिसला. आता, त्या मैदानावरचा कॅमेरा सारखा हलायचा. आधी एकदा कॅमेऱ्याच्या चुकीला मी दुखापत म्हटलं होतं, धडधाकट माणूस दोन मॅच बसून राहिला, आणि ऑफिसात माझी चांगलीच शोभा झाली. त्यात माझा इथला कामाचा पास रिन्यू व्हायचा होता. या वेळी मी लिहिलं — कॅमेरा हलला. आकडेही तेवढे वर सरकवले.

पण — कसं सांगू — कॅमेरा हलला असता तर सगळ्याच पिचरांचे हात खाली दिसले असते ना? बाकीच्यांचे जिथल्या तिथे होते. ते मी लिहिण्याआधी पाहिलं होतं.

पुढच्या कॉलवर त्याने विचारलं, "डॉक्टर, हात ठीक आहे ना माझा?" दुखल्याशिवाय कोण असं विचारतं? मी म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास."

तीन आठवड्यांनी त्याच्या कोपरातला लिगामेंट तुटला. त्यांची रात्रीची मॅच, आमची सकाळ; मी डेस्कवर कोपी — इथली कॉफी — पीत लाइव्ह बघत होते. तो पडला नाही. कोपर धरून नुसता उभा राहिला. पुन्हा कधी खेळला नाही.

माझा पास रिन्यू झाला.

महिन्याभराने त्याचा मेसेज आला. "तुम्ही ठीक आहे म्हणालात, म्हणून शेवटचे तीन आठवडे तरी मी न घाबरता चेंडू टाकले. थँक यू, डॉक्टर."

मी उत्तरात जोडलेले हात पाठवले. त्याचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. खरं काय ते त्याला मी अजून कळवलेलं नाही.