बाण लागलेला संत

खांडबाऱ्याजवळच्या आमच्या गावात इंग्रजांच्या काळातलं दगडी चर्च आहे. आत डाव्या भिंतीशी एका संताचा संगमरवरी पुतळा आहे. झाडाला बांधलेला तरुण, अंगात बाण घुसलेले. बाण लोखंडी, त्यांचा गंज पांढऱ्या दगडावरून पार पावलांपर्यंत ओघळलाय. श्रद्धेपायी याला मारलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. दुखणं उठलं की हाडाहाडात कळ शिरायची. बरं वाटत असलं की ती मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्या पुतळ्यापुढे बसून राहायची. "याला पण सगळीकडे दुखतं," मला म्हणायची.

ती कॉलेजात असताना दुखणं एवढं वाढलं की नंदुरबारच्या डॉक्टरांनी आशा सोडली. पण रक्त चढवत राहिले आणि ती वाचली. घरी आल्यावर आई आम्हा दोघींना घेऊन चर्चला गेली. पुतळ्यापुढे मेणबत्ती लावली. म्हातारे फादर जवळ आले.

"फादर, हा बाणांनीच मेला ना?" बहिणीने विचारलं.

"नाही गं. मेला समजून त्याला सोडून गेले. एका विधवेने घरी नेऊन बरं केलं. मग तो बाण मारायला लावणाऱ्या बादशहासमोर पुन्हा जाऊन उभा राहिला, तेव्हा काठ्यांनी मारून टाकलं."

ती पुन्हा म्हणाली, "मग त्या बाईने एवढं केलं ते कशाला?"

फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चला, ऊन होतंय," आई म्हणाली.

भाताच्या लावणीत तिला पुन्हा कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्ये, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पाठ चोळायला गेले तर म्हणाली, "हात लावू नको, ताई." नंदुरबार यायच्या आधीच ती गेली.

चर्चमध्ये तिची पेटी ठेवली तेव्हा मी त्या पुतळ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. शांत, वर बघणारा चेहरा. माझ्या बहिणीचे दात शेवटपर्यंत आवळलेले होते. घडवणाऱ्याने दुखणारं माणूस जवळून पाहिलंच नसावं.

आई अजून दर रविवारी जाते. मी तिला पायऱ्यांपर्यंत सोडते आणि बाहेर थांबते. परवा ती म्हणाली, "माझ्यासाठी तरी प्रार्थना करत जा."

मी हो म्हटलं. पण मागायचं काय, तेच सुचत नाही.