तिसरा टक्स

तुमच्या घरातली माणसं कोणत्या आजारानं गेली, हे तुम्हाला खरंच ठाऊक आहे? की घरच्यांनी पढवलं तेच घोकत बसलात? मग या टेलरबाईंचं ऐका.

चपलांच्या दुकानावर त्यांची एक खोली. मशीन, उंच टेबल, खिळ्याला टांगलेले खाकी कागदाचे साचे. नजर अशी की बाई दारात उभी राहिली, की टेप लावायच्या आधीच माप सांगायच्या. साऱ्या गल्लीची मापं तोंडपाठ. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

त्यांचाच ब्लाउज एकदा डावीकडे ओढायला लागला. दुसरी कुणी असती तर चार जणींपाशी बोलली असती. या पडल्या टेलर. छातीपाशी कापडाला फुगीर आकार देणारी चूण असते ना, टक्स म्हणतात तिला, ती उसवली, अर्धा बोट सरकवली, इस्त्री मारली की झाल्या मोकळ्या. चार महिन्यांनी पुन्हा ओढला. कापड आटलं म्हणाल्या, पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा सरकवून आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा कळलं, कापड नव्हे, कातडीच आत खेचली गेलीय. आणि खाली लिंबाएवढी टणक गाठ.

दुखत नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, दुखत नाही तर कशाला उकरून काढता? वर टोमणाही मारला, की आयुष्यभर बायकांना घट्ट कपडे शिवून दिलेत, त्याचं हे फळ. मुलीनं मात्र कुणाचं ऐकलं नाही, आईच्या दंडाला धरून इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली आणि सुईनं गाठीचा तुकडा काढायचं ठरवलं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे जाऊबाईंचं ज्ञान टेलरबाईंनी तिथं बोलून दाखवलं.

"सुईनं नाही पसरत. वाट बघण्यानं पसरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घट्ट कपड्यांचाही काही संबंध नाही म्हणाल्या. मग विचारलं, कधीपासून आहे?

टेलरबाईंनी पिशवीतून तो ब्लाउज काढून टेबलावर पसरला. सुईच्या भोकांच्या तीन रांगा. "ही पहिली, ही दुसरी, ही तिसरी. आठ महिने झाले," म्हणाल्या, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

रिपोर्ट आला. कॅन्सरच. पण सगळे एका जातीचे नसतात. कुणी शरीरातल्या हार्मोनवर पोसतो, कुणी एका प्रथिनाच्या जोरावर वाढतो, कुणी दोन्हींना दाद देत नाही. म्हणून औषध ठरवायला तो तुकडा लागतो. यांचा हार्मोनवर पोसलेला. दुसरीकडे गेला नव्हता, थोडक्यात वाचल्या. गाठ मोठी, म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन, मग किरणं, आणि पुढं कित्येक वर्षं रोज गोळी.

घरात आधी कुणाला होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. टेलरबाई सवयीनं नाही म्हणाल्या. जिना उतरता उतरता पाय थबकला. आत्या आठवली. लहानपणी शिवण शिकायला म्हणून तिचा जुना ब्लाउज उसवला होता, तर एका बाजूनं कापसाची गादी निघाली होती. आईनं हातातून हिसकावून घेतला होता तो.

तशाच त्या थोरल्या भावाच्या रंगाच्या दुकानात गेल्या. मुलगी मागोमाग. आत्या कशानं गेली, विचारलं. भाऊ डबे पुसत म्हणाला, टायफॉइडनं, सगळ्यांना माहितेय.

"टायफॉइडमध्ये छाती कापतात का रे, दादा?"

फडका थांबला. त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, आवाज उतरवला. मग म्हणाला, "तुम्हा बहिणींची लग्नं व्हायची होती. कुणी केली असती? आता तुझी पोर उजवायचीय. तूही गप्प राहा."

"आत्याला पुरलं ते पुरलं, आता माझ्या पोरीलाही पुरायचं होय? बापाकडचा आजारही मोजतात, दादा. तू बोलला असतास तर मी टक्स सरकवत बसले नसते."

आणि तिथंच, दोन गिऱ्हाइकांदेखत, त्यांनी पोरीला आत्याचं सगळं सांगितलं.

आता डोक्यावरचे केस गेलेत. दोन केमोंच्या मध्ये ताकद असेल तेव्हा मशीनवर बसतात. टेप गुंडाळण्याआधी प्रत्येकीला विचारतात, एका बाजूला ओढतंय का? आमच्यात कुणाला नाही, असं कुणी म्हणालं की भडकतात. कारण हा आजार झालेल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. बाई असणं आणि वय वाढणं, एवढंच पुरतं त्याला.

तेव्हा आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कोण कशानं गेलं ते, आणि पहिल्या उत्तरावर गप्प बसू नका. आणि बायांनो, कपडा एका बाजूला ओढायला लागला, तर शिवण उसवू नका. डॉक्टरकडे जा.